आंब्याखालची शाखा

'स्वयंसेवक' म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर एक ठरावीक मूर्ती उभी राहते. छातीवर बिल्ला, तोंडात शिट्टी, हातात दोराचं एक टोक आणि 'माताभगिनींनी डावीकडून, डावीकडून!' असा घोष. दोराचं दुसरं टोक कुणाच्या हातात आहे, हे त्याचं त्यालाही ठाऊक नसतं. विसर्जन झालं की बिल्ला कपाटात आणि स्वयंसेवक वडापावच्या रांगेत. असला स्वयंसेवक मी आमच्या वाडीच्या गणपतीत चांगली दहा वर्षं होतो. पण परदेशात जाऊनही स्वयंसेवक होता येतं, त्यासाठी विमानाचं तिकीट मिळतं आणि वर पोटापुरता भत्ताही मिळतो, हे मला वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी कळलं.

एका संस्थेला झांबियाच्या पूर्व प्रांतात खेड्यातल्या बायकांच्या बचतगटांना हिशेबात मदत करणारा माणूस हवा होता. वाणिज्य शाखेचा पदवीधर, बँकेचा अनुभव, आणि 'विजेशिवाय आनंदाने राहण्याची तयारी'. मी म्हटलं, विजेशिवाय राहायची सवय आम्हाला गावाकडे आहेच. आनंदाचं तेवढं तिथे गेल्यावर जमवू.

"हिशेब? आणि तुम्ही?" सौ. म्हणाली. "आपल्या दुधाच्या बिलात दर महिन्याला दोन दिवसांचा घोळ असतो."

"तो घोळ दूधवाल्याचा असतो."

"मग त्याला पाठवा आफ्रिकेला."

तरी मी अर्ज केला. आमच्या सहकारी बँकेने दोन वर्षांची बिनपगारी रजा एका आठवड्यात मंजूर केली. माझ्या एकवीस वर्षांच्या नोकरीत इतक्या झटपट निकालात निघालेला हा एकमेव कागद. त्या वेगाचा फार विचार करायचा नाही, असं मी ठरवलं.

आफ्रिकेत जायचं म्हणून सासऱ्यांनी दिवाळसणाला शिवलेला सफारी बाहेर काढला. २०२३ च्या ऑगस्टात लुसाकाच्या विमानतळावर उतरलो, तर शिक्का मारणाऱ्या वयस्क गृहस्थांनी पासपोर्टाच्या आधी माझा सफारीच पाहिला. "कौंडा सूट!" ते गहिवरून म्हणाले. केनेथ कौंडा म्हणजे त्यांचे पहिले राष्ट्राध्यक्ष. १९६४ पासून १९९१ पर्यंत गादीवर होते, गांधीजींना मानणारे, २०२१ साली सत्त्याण्णवाव्या वर्षी वारले. ते कायम सफारी घालत म्हणून तिकडे त्या कपड्याला त्यांचंच नाव पडलं. आमच्या सासऱ्यांनी शिंप्याला दिलेल्या मापाचं इतकं कौतुक आमच्या आळीत कधी झालं नव्हतं.

लुसाकात आणखी एक पाटी दिसली आणि पाय जागच्या जागी थांबले. इंडो-झांबिया बँक! १९८४ साली तिथल्या सरकारने आणि आपल्या बडोदा, इंडिया व सेंट्रल या तीन बँकांनी मिळून काढलेली. माझं आत काही काम नव्हतं. पण काउंटरच्या अलीकडच्या बाजूला उभं राहायचं आणि पलीकडे दुसरा कुणीतरी नोटा मोजतोय हे नुसतं बघायचं, यात काय सुख आहे ते कॅशियरलाच ठाऊक. पाच मिनिटं डोळे निववून मी चिपाट्याच्या बसला लागलो.

लुसाका ते चिपाटा सुमारे ५७० किलोमीटर. पुढे दोन तास पिठाच्या पोत्यांवर बसून टेंपोने आणि शेवटचे नऊ किलोमीटर सायकलच्या कॅरिअरवर. सायकलवाला माझी बॅग पुढे आणि मला मागे घेऊन चढावरही गात होता. त्याला काय त्रास झाला मला माहीत नाही. मी मात्र दुसऱ्या दिवशी उभ्यानेच जेवलो.

घर दोन खोल्यांचं, विटांचं, वर गवताचं शाकारलेलं छप्पर. न्हाणीघर बाहेर, चार बाजूंनी गवताच्या ताट्या आणि वर आकाश. पहिल्या संध्याकाळी बादली घेऊन पाण्याला निघालो. वळणावर गेलो, आणि समोर काय असावं? हापसा! अगदी आमच्या गावच्या देवळामागचा हापसा. तोच वाकडा दांडा, तेच ठेंगणं धूड, तोच खर्र-खट्ट आवाज. हा पंप म्हणजे इंडिया मार्क टू. त्याचा जन्म आपल्याकडचाच. जालन्याच्या मिशनमध्ये एक हातपंप बनला, सोलापूरच्या मंडळींनी तो सुधारला, आणि त्यावरून सत्तरच्या दशकात युनिसेफच्या मदतीने हा मार्क टू तयार झाला. आमच्या मराठवाड्या-सोलापूरच्या दुष्काळाने घडवलेली ही वस्तू झांबियाच्या खेड्याखेड्यांतून पाणी काढते आहे. मी दांड्यावरून हात फिरवला. मागे रांगेत उभ्या असलेल्या बायकांना वाटलं, पाहुण्याला हापसा चालवता येत नाही. एकीने मला हलकेच बाजूला केलं आणि माझी बादली भरून दिली.

बादली उचलून चालायला लागल्यावर मात्र जो हशा पिकला, तो अजून माझ्या कानांत आहे. तिकडे पुरुष पाणी भरत नाही. आणि भरलंच, तर असं एका बाजूला लोंबकळत, निम्मं स्वतःच्या पायांवर ओतत नेत नाही. आठ वर्षांची पोर डोक्यावर वीस लिटरचा डबा घेऊन, हात सोडून, शेंगा खात माझ्या पुढून निघून गेली. तिसऱ्या दिवशी शेजारची आगोगो चौकशीला आली. आगोगो म्हणजे आजी. तिकडे पिकल्या केसांच्या माणसाला सगळे आगोगोच म्हणतात.

"तुझी बायको कुठे आहे?"

"भारतात."

"तिला पाणी कोण भरून देतं?"

"नळाला येतं. सकाळी पाऊण तास."

आगोगोने फार करुणेने माझ्याकडे पाहिलं. दिवसातून फक्त पाऊण तास पाणी असलेल्या देशातून हा बिचारा आपल्याला मदत करायला आला आहे, हे तिने संध्याकाळपर्यंत सगळ्या गावाला सांगितलं.

भाषेची गंमत तर पहिल्या दिवसापासूनच. न्यांजा भाषेत 'कसे आहात?' हे 'मुली ब्वांजी?' असं विचारतात. पहिल्यांदा एका गृहस्थांनी विचारलं तेव्हा मी घाईघाईने मराठीत सांगून टाकलं, "एकच मुलगी, दहावीला आहे." पुढे शिकलो. 'न्दिली ब्विनो, काया इनु?' मी बरा आहे, तुम्ही? 'ब्विनो.' मग दोन्ही हातांची ओंजळ करून हलकी टाळी. मग आभार. मग घरच्यांची चौकशी. मग मागच्या भेटीत विचारायची राहिलेली चौकशी. माझ्या घरापासून गावच्या आंब्यापर्यंत अंतर असेल पाऊण किलोमीटर. पण ते चालायला मला पन्नास मिनिटं लागत. नमस्कार न करता पुढे जाणं म्हणजे त्या माणसाला झाड समजणं. आणि झाडालाही वळसा घालावाच लागतो.

मी एकवीस वर्षं काउंटरवर बसलो. माणसाला उद्देशून मी दिवसभरात सर्वांत जास्त उच्चारलेले शब्द म्हणजे 'टोकन नंबर?' आणि 'सही जुळत नाही.' तेव्हा पहिले पंधरा दिवस गाल दुखले. हसण्याचे स्नायू इतक्या वर्षांत बिनवापराच्या खात्यासारखे निष्क्रिय झाले होते.

जेवणाचं मात्र बाहेर सांगतात तितकं अवघड नाही. मक्याच्या पिठाची घट्ट उकड असते, ती न्शिमा. जेवायच्या आधी घरातलं पोर तांब्या आणि वाडगं घेऊन प्रत्येकाच्या हातावर पाणी घालतं. हाताने गोळा करायचा, मध्ये अंगठ्याने खळगा पाडायचा आणि त्यात 'न्दिवो' घ्यायचं. न्दिवो म्हणजे आपलं तोंडीलावणं, शब्दाला शब्द. भोपळ्याच्या पाल्याची दाण्याचं कूट घालून केलेली भाजी खाताना मला आईची आठवण झाली. कापेंता नावाची सुकी मासळी मिळते. ती शिजायला लागली की कोकणातल्या माणसाने डोळे मिटून थेट सुकटीच्या बाजारात जावं. उन्हाळ्यात पोरं भाजलेले उंदीर आणून देत. ते मात्र मी 'आमच्या गणपतीचं वाहन आहे' असं सांगून नाकारले. सगळ्यांना ते कारण एकदम पटलं. दुसऱ्याच्या कुळदैवताच्या बाबतीत ती माणसं आपल्यापेक्षा समंजस आहेत.

डिसेंबरात मला मलेरिया झाला. आपल्याकडे आजाऱ्याला भेटायला येणारे लोक त्याला बोलून-बोलून अर्धमेला करतात. तिकडे कुणी बोलत नाही. डोळे उघडले तेव्हा खोलीत चौदा माणसं भिंतीला टेकून बसलेली होती. चूपचाप. संध्याकाळी डोळे उघडले, तरी चौदाच, पण वेगळी. मी विचारलं, काही हवंय का? अध्यक्षीणबाई म्हणाल्या, "आम्हाला काही नकोय. तू आजारी आहेस, म्हणून आम्ही बसलोय." यावर काय उत्तर द्यायचं ते वाणिज्य शाखेत शिकवत नाहीत.

या अध्यक्षीणबाई म्हणजे ज्या बँकेसाठी मी गेलो होतो, तिच्या सर्वेसर्वा. आता त्या बँकेबद्दल नीट सांगायला हवं. माझ्याकडे असे अकरा गट होते आणि सायकलवरून मी ते सगळे फिरत असे. पण आमच्या गावचा गट दर गुरुवारी दुपारी दोन वाजता आंब्याखाली भरायचा. मी आमच्या ब्रँचला पत्रात लिहिलं होतं, 'येथील शाखेत हवा चांगली येते.' ते कुणाला कळलं नाही.

बावीस बायका चटयांवर गोल करून बसत. प्रत्येकीचा नंबर ठरलेला आणि जागा ठरलेली. मधोमध एक निळी पत्र्याची पेटी, तिला तीन कुलपं. तीन किल्ल्या तीन बायकांकडे. त्या गावाच्या तीन टोकांना राहणाऱ्या. पेटी चौथीच्या घरी. आमच्या बँकेत तिजोरीला दोन किल्ल्या असतात, एक मॅनेजरकडे आणि एक हेड कॅशियरकडे, आणि ते दोघे एकाच लोकलने येतात. इथे तिघी जणी समोरासमोर आल्याशिवाय पेटी उघडणार नाही. ही पद्धत केअर या संस्थेने १९९१ च्या सुमारास पश्चिम आफ्रिकेतल्या नायजर देशात सुरू केली आणि तिथून ती खंडभर पसरली. झांबियात 'चिलिंबा' नावाची भिशी आधीपासून होतीच, त्यामुळे बायकांना फार समजावून सांगावं लागलं नाही. ज्या देशात भिशी आहे त्या देशातल्या बायकांना अर्थशास्त्र शिकवायला जाऊ नये, अशा मताला मी आता आलो आहे.

सभा सुरू झाली की अध्यक्षीणबाई कुणाकडेही बोट दाखवत. "नंबर चौदा, मागल्या गुरुवारी पेटीत किती होते?" चौदा नंबर उभी राहून आकडा सांगे. मग पेटी उघडून दोघी जणी मोजत. रक्कम तीच! वही आहे, पण वहीकडे कुणी बघतसुद्धा नसे. आमच्या आगोगोला अक्षरओळख नाही. २०१३ च्या १ जानेवारीला झांबियाने आपल्या क्वाचावरची तीन शून्यं उडवून टाकली. आगोगोने ती अजून उडवलेली नाहीत. वीस क्वाचांना ती वीस हजार म्हणते. तरी तिचा आकडा कधी चुकला नाही. आमच्या ब्रँचमध्ये दोन संगणक, चार पदवीधर आणि एक हिशेब तपासनीस असताना चौदा रुपये जुळेनात म्हणून आम्ही रात्री नऊपर्यंत बसलेलो आहोत.

कर्जावर व्याज शेकडा दहा. वर्षाला नव्हे हो, महिन्याला! पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी इकडेतिकडे पाहिलं, कुणी पोलीस ऐकत तर नाही ना. पण ते व्याज जातं कुठे? त्याच पेटीत. वर्षाअखेर पेटी फोडतात तेव्हा ज्याच्या-त्याच्या हिश्शाप्रमाणे ते त्याच बावीस जणींत वाटलं जातं. सावकारही त्याच आणि कुळंही त्याच. वाटपाच्या दिवशी एका हिश्शाला किती येतं हा भागाकार मात्र किचकट असतो, आणि तिथे गटांच्या चिटणीस पोरींना माझा खरा उपयोग होता, हे मी जरा अभिमानाने सांगतो.

पेटीशेजारी एक ताटली असे, दंडाची. उशिरा आलं, दंड. आकडा विसरला, दंड. मधेच बोललं, दंड. किल्ली घरी राहिली तर मोठा दंड, आणि ती आणायला जाताना सगळ्यांचं बोलणं खायचं ते वेगळंच. मी मधे कितीदा तरी बोललो. दंड नाही. मी पाहुणा! नियम पाहुण्याला लागू नाहीत. सभेला जायला मला नेहमी उशीर व्हायचा. सगळ्या बायका वळून बघत, हसत आणि काही म्हणत नसत. नियमात न बसणारा माणूस म्हणजे शेवटी घरातला नसलेला माणूस. मी आपला खांब म्हणून बसून राही.

मग २०२४ उजाडलं आणि पाऊस गेला.

नोव्हेंबर-डिसेंबरात तो बऱ्यापैकी पडला होता. मका गुडघ्याच्या वर आला होता. जानेवारीत आभाळ कोरडं पडलं ते पडलंच. ज्या दिवसांत कणसात दाणा भरायचा, त्या दिवसांत पानं दुपारी विडीसारखी वळायला लागली. मी मराठी मुलखातला. करपलेलं रान मी पाहिलेलं आहे. पण इथे ज्वारी नाही, बाजरी नाही, रोजगार हमी नाही. सगळं घर एका मक्यावर. २९ फेब्रुवारीला राष्ट्राध्यक्षांनी राष्ट्रीय आपत्ती जाहीर केली. ११६ पैकी ८४ जिल्हे, आणि पेरलेल्या बावीस लाख हेक्टर मक्यापैकी दहा लाख हेक्टर गेलेला. रेडिओवर हे आकडे आले तेव्हा आम्ही हापशावर होतो. हापसासुद्धा आता वीस-पंचवीस हिसके घेतल्याशिवाय पाणी देत नव्हता. कुणी काही बोललं नाही. रांग तेवढी पुढे सरकली.

मार्चमधल्या एका गुरुवारी सभा दोनला सुरू झाली ती अंधार पडेपर्यंत चालली. प्रश्न असा होता. वर्ष संपायला अजून वेळ होता. पण पंचवीस किलो पिठाची पिशवी तीनशे क्वाचांच्या वर गेली होती आणि तेव्हा एक क्वाचा म्हणजे आपले तीन रुपये धरा. पेटी आताच फोडून पैसे वाटावेत का? आणि वाटायचे तर कर्जांचं काय? नंबर नऊने नोव्हेंबरात बियाण्याखताला हजार क्वाचा घेतले होते. चार महिन्यांचं व्याज धरून चौदाशे. तिची बचत होती हजार. खत जमिनीत गेलं होतं आणि मका उन्हात.

अध्यक्षीणबाईंनी माझ्याकडे पाहिलं. "तुमच्या बँकेत अशा वेळी काय करतात?"

मी सांगितलं. आधी पत्र पाठवतो. मग दुसरं पत्र, जरा कडक. नव्वद दिवस हप्ता आला नाही की ते खातं बुडीतच्या वाटेवर म्हणून वेगळ्या यादीत जातं. मग जामीनदाराला नोटीस. मग वकील.

सगळ्यांनी लक्षपूर्वक ऐकलं. दुभाष्याचं काम करणारी पोर थांबल्यावर आगोगोने विचारलं, "पत्र पाठवल्यावर दुसऱ्या दिवशी ती बाई तुम्हाला हापशावर भेटते का?"

"नाही. ती कुठे राहते हे मला माहीत नसतं."

"हं," आगोगो म्हणाली. "मग बरोबर आहे."

मग वाद सुरू झाला. ज्यांचं पीक गेलं त्यांचं शेवटच्या दोन महिन्यांचं व्याज सोडावं, असं बहुतेकींचं म्हणणं पडलं. नंबर तीन उभी राहिली. ती गव्हाच्या पिठाची भजी तळून बाजारात विकायची. शेती थोडी, बचत सर्वांत जास्त. घरावर पत्रे घालायचे म्हणून वर्षभर दर गुरुवारी तिने पाच-पाच हिस्से घेतले होते. व्याज सोडलं की सर्वांत जास्त तिचं जाणार. "पाऊस माझ्याही घरावर पडला नाही," ती म्हणाली. "पण मी रात्री तीनला उठून तळलंय." तिचं काही चुकत होतं असं मला तेव्हाही वाटलं नाही आणि आजही वाटत नाही. पण हात वर झाले ते अठरा विरुद्ध तीन. नंबर नऊने हात वर केला नाही. तिने मान खाली घातली होती.

दोन महिन्यांचं व्याज गेलं. नंबर नऊकडे तरी दोनशे क्वाचा उरलेच. दोनशे क्वाचा म्हणजे तेव्हाचे साडेसहाशे रुपयांच्या आसपास. पुण्यात चार माणसं हॉटेलात गेली तर तेवढ्यात एकाचं भागत नाही. पैसे माझ्या खिशात होते. सभा सुटल्यावर मी अध्यक्षीणबाईंना बाजूला घेऊन हळूच विचारलं, मी भरू का? कुणाला कळणार नाही.

त्या बराच वेळ माझ्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "बाम्बो, तू ऑगस्टात जाशील, नाहीतर त्याच्या पुढच्या ऑगस्टात. आज ती आमचं देणं लागते. उद्या तुझं लागेल. तू गेल्यावर ती ते कुणाला फेडणार?" आणि मग जरा हसून, "शिवाय कळणार नाही असं म्हणतोस? या गावात?"

पैसे खिशातच राहिले. दोनशे क्वाचा बिनव्याजी पुढच्या वर्षात ओढायचे असं ठरलं. पेटी फुटली, पैसे वाटले गेले, दोन दिवसांत गावात पिठाच्या पिशव्या आल्या. मयतीसाठी वेगळा ठेवलेला निधी तेवढा कुणी मागितला नाही आणि कुणी द्या म्हणालंही नाही. तो पुढे सप्टेंबरात लागला. आगोगोचा नवरा गेला, तेव्हा. दोन गुरुवार सभा झाली नाही. मीही त्या अंगणात इतरांसारखा बसून राहिलो. न बोलता बसण्याचं शिक्षण मला आधी मिळालेलंच होतं.

नंबर तीन चिडली ती चिडलीच. दोन महिने ती हापशावर कुणाला टाळी देईना. तिची भजी विकत घ्यायला मात्र सगळ्या जात, आणि ती मोजून देत असे, एकही जास्त नाही. जुलैत बचत पुन्हा सुरू झाली. हिस्सा वीस क्वाचांवरून दहावर आणला. पहिल्या सभेला नंबर तीन येईल की नाही यावर गावात पैजा होत्या. ती आली. आपल्या जागेवर बसली, पाच हिस्से घेतले आणि म्हणाली, "या वर्षी कर्जाचा कागद आधी मला वाचून दाखवायचा." तो नियम झाला.

ते वर्ष कसं काढलं ते सांगण्यासारखं नाही. न्शिमाचा गोळा लहान होत गेला आणि आंबे आले तेव्हा लोक कच्चेच उकडून खायला लागले. पाव्हण्याच्या हातावर पाणी घालायला पोर मात्र येतच राहिलं. पुढल्या मोसमात पाऊस नीट पडला. २०२५ साली झांबियात मक्याचं विक्रमी पीक आलं. कणसं घरात यायला लागली तशी नंबर नऊ दर गुरुवारी वीस-वीस क्वाचा आणायची. दहा गुरुवार. शेवटचे वीस टाकले तेव्हा कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. नंबर तीनने नोट उजेडाला धरून पाहिली आणि पेटीत टाकली.

जुलैत वाटप होतं. माझी निघायची तारीख जवळ आली होती. मी घरून एकला निघालो होतो. पण वाटेत गावच्या मुखियांनी गाठलं. मुखियांना उभ्या-उभ्या नमस्कार करून चालत नाही. त्यांनी माझ्या सौ.ची, मुलीची, तिच्या दहावीच्या मार्कांची, आमच्या नळाची आणि शेवटी माझ्या सफारीची चौकशी केली. आंब्याखाली पोचलो तेव्हा सव्वादोन झाले होते. पेटी उघडायची थांबली होती. मी नेहमीप्रमाणे कडेला बसायला गेलो, तर आगोगोने दंडाची ताटली माझ्यासमोर सरकवली.

"दोन क्वाचा."

मी म्हटलं, "अहो, मुखियांनी थांबवलं!"

"मुखिया रोज त्याच वाटेवर बसतात," नंबर तीन म्हणाली. "लवकर निघायचं."

मी अध्यक्षीणबाईंकडे पाहिलं. त्या आभाळाकडे बघत होत्या. बावीस बायका गंभीर चेहऱ्याने वाट पाहत बसल्या होत्या. मी दोन क्वाचा ताटलीत टाकले. आणि इतकी वर्षं अंगात मुरलेली सवय, सहज म्हणालो, "पावती?"

दुभाष्या पोरीला तो शब्द समजावून सांगायला बराच वेळ लागला. सांगून झाल्यावर ती वळून म्हणाली, "आगोगो विचारते आहे, कागद कशाला? आम्ही आहोत ना."

मग अध्यक्षीणबाईंनी माझ्याकडेच बोट दाखवलं. "मागल्या गुरुवारी पेटीत किती होते?"

मी आकडा सांगितला. आगोगोने मान हलवली, आणि कुलपं उघडायला तिघी जणी उठल्या.